नावाडिणीला ‘अहो’

सुज्ञ वाचकहो,

प्रेम या विषयावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. तथापि एका सर्वनामापायी माझा जीव कसा टांगणीला लागला, आणि एका तरुणीचे अनेक वर्षांचे स्वप्न भर सभेत बुडता बुडता कसे वाचले, हे माझ्यावाचून दुसरे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून मी लेखणी उचलत आहे. या कथेत एक संगणकावरील खेळ आहे, एक होडी आहे, आणि एक मी आहे.

माझा व्यवसाय घरोघरी पडदे बसवण्याचा. आमच्या दुकानाच्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “लोकांच्या घरात पायाआधी जीभ शिरते. ती वाकलेली असू दे.” तेव्हापासून मी लहानथोर सर्वांना ‘अहो’ म्हणतो. माझ्या बोलण्याला नेहमी झालर असते, म्हणून दुकानातले सोबती मला ‘झालर’ या नावानेच हाक मारतात.

त्या दुपारी आभाळ भरून आले होते. खिडकीचे माप घेण्यासाठी मी एका इमारतीचे जिने चढून गेलो. दार उघडेच होते. आत एक तरुणी पाठमोरी बसली होती. कानांवर हेडफोन, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. चाहूल लागताच ती गर्रकन वळली आणि खुर्चीतून उठली.

“आलात? बसा इथे.”

“अहो, पण मी माप…”

“मापबिप नंतर. आधी खेळा. आणि मी मागे उभी आहे, हे विसरून जा.”

विसरून जा! वाचकहो, तिच्या ओल्या केसांचा गंध माझ्या खांद्यापर्यंत येत होता… मी बसलो आणि टेप मांडीवर ठेवला.

संगणकाच्या पडद्यावर धुक्याने भरलेले एक सरोवर होते. हातात कंदील घेतलेली एक नावाडीण होडी वल्हवीत चालली होती. मी एक वाटसरू होतो, आणि भेटेल त्याच्याशी अक्षरे टंकून बोलायचे, अशी या खेळाची रीत होती. शाळा लवकर सुटल्यामुळे माझे एकच बोट चालते. त्या बोटाने मी लिहिले, ‘अहो बाई, कृपा करून होडी थांबवता का?’

नावाडीण म्हणाली, ‘तुझी भाषा मला कळत नाही.’ आणि मी बुडालो.

पुन्हा प्रारंभ केला. ‘क्षमा असावी. आपण मला पैलतीरी न्याल का?’

पुन्हा बुडालो. पाठीमागे कोणीतरी तोंडावर हात दाबून हसत होते.

“अहो, तिला सरळ ‘थांब’ म्हणा ना! ‘होडी थांबव’, संपलं!”

“ओळखपाळख नसताना?” मी म्हणालो.

हसू थांबले. ती वाकून माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागली.

“तुम्ही दातांच्या दवाखान्यातले कंपाउंडर ना? माझी मैत्रीण डॉक्टर आहे, ती पाठवणार होती खेळून बघायला.”

“नाही. मी पडदेवाला.”

“मग बसलात कशाला?”

“आपण ‘बसा’ म्हणालात.”

ती खळखळून हसली… आणि हसता हसताच एकदम गंभीर झाली. हा संपूर्ण खेळ तिने एकटीने निर्माण केला होता. झाडे तिने रंगवली होती, सूर तिने जुळवले होते, पात्रांच्या मुखी शब्द तिने घातले होते. मात्र खेळाला तिने फक्त ‘तू’ची भाषा शिकवली होती. त्या नावाडिणीशी कोणी अदबीने बोलेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते.

“एवढी वर्षं सगळ्यांनी तिला नुसते हुकूम सोडले,” ती हळूच म्हणाली. “उद्या या.”

“उद्या पडदा शिवून व्हायचा नाही…”

“पडद्याचं कोण बोलतंय?”

याप्रमाणे मी रोज दुपारी कामे आटोपून तिच्याकडे जाऊ लागलो. मी बोलायचे, खेळाने चुकायचे, आणि तिने त्याला सुधारायचे. ‘थांबवता का’ कळले, तर ‘थांबवाल का’ला खेळ कोलमडे. ती कपाळावर हात मारी. कधी माझ्या बोटाच्या आड आलेले तिचे बोट क्षणभर तेथेच राही. मग दोघेही पडद्याकडे पाहत, जणू काही घडलेच नाही.

“पडदेवाले, तुम्ही मांजरालाही ‘अहो’ म्हणता का हो?”

“त्यांना ‘जरा सरकता का’ म्हणतो. सरकतात.”

“आणि मला ‘आपण’! तुमच्याशी बोलताना मला उगाच साठीला टेकल्यासारखं वाटतं.”

“मग काय म्हणू?”

“तेही मीच सांगू?” ती म्हणाली आणि पेन्सिल चावीत बसली. मला उत्तर ठाऊक होते. परंतु ते ओठांवर येईना.

अशातच एके दिवशी तिचा थोरला भाऊ आला. त्याने प्रथम खिडकीकडे पाहिले, नंतर माझ्याकडे.

“काय हो, एका खिडकीला तुमचा मुक्काम किती दिवसांचा असतो?”

“दादा!”

“मी कुठे काय म्हणतोय? पण आपलं काय ठरलंय ते विसरू नकोस. त्या खेळांच्या प्रदर्शनात तुझा खेळ निवडला गेला तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर हा पसारा आवरायचा, खोली सोडायची आणि माझ्या कचेरीत यायचं. टेबल मांडून ठेवलंय.”

“ठरलंय ना? मग झालं,” ती म्हणाली. तिचा स्वर स्थिर होता. पेन्सिल मात्र तिने अंबाड्यात उलटी खोचली.

त्यानंतर आमच्या दुपारींतील थट्टा ओसरली. जेवण तिच्यापुढे गार होई. ती मला म्हणे, “बोला, पडदेवाले, काहीही बोला तिच्याशी,” आणि मी बोलत राही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिने मला येऊ नका म्हणून कळवले. त्या दिवशी मी एका गृहस्थांच्या घरी पडदा उलटा बसवून आलो.

प्रदर्शनाचे सभागृह गच्च भरले होते. भिंतीएवढा पडदा, समोर परीक्षक मंडळी. नियम असा की, खेळ रचणाऱ्याने पहिल्या रांगेत मौन धरून बसावे आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने मंचावर खेळून दाखवावे. रचणारा एक शब्द जरी बोलला, किंवा ठरलेल्या वेळेत खेळ शेवटास गेला नाही, तरी तो बाद. तिच्या वतीने तिची डॉक्टर मैत्रीण खेळणार होती. मी केवळ पाहण्यास गेलो होतो.

तिचा दूरध्वनी वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “अगं, एका काकांची दाढ अर्धी बाहेर आलीय! त्यांना तसंच आ वासून सोडून येऊ का?”

तिच्या तोंडचे पाणी पळाले. ती माझ्याकडे वळली.

“पडदेवाले… तुम्ही.”

“अहो, माझे एकच बोट चालते!”

“एकच पुरे. पण ऐका, शेवटी मी काल एक…”

“आता बोलायचं नाही,” परीक्षक बाई म्हणाल्या. “चला, खेळणारे वर या.”

मी मंचावर गेलो. अरण्यात वाट अडवून बसलेल्या दगडी पहारेकऱ्याला मी लिहिले, ‘अहो पाषाणराव, जरा वाट देता का?’ सभागृहात हशा पिकला. पण पहारेकऱ्याने मान लववली आणि वाट दिली! हसणारे गप्प झाले. पुढे सरोवर आले. ‘अहो बाई, होडी थांबवाल का?’ होडी थांबली. धुके विरत गेले, पैलतीर आला, मी उतरलो. मला ठाऊक असलेला खेळ येथे संपत होता.

परंतु तो संपला नाही.

नावाडीण होडीतच उभी होती. तिने कंदील वर धरला, आणि प्रथमच माझ्या लक्षात आले की तिच्या अंबाड्यात एक काडी खोचलेली आहे. यापूर्वी ती नव्हती. नावाडीण म्हणाली, ‘साऱ्यांना मी पार करते. मला मात्र कोणी उतरवून घेत नाही. तू घेशील?’

आणि होडीत पाणी भरू लागले.

मी घाईने लिहिले, ‘अहो, या ना.’

‘“या” तर पाहुण्यांना म्हणतात,’ ती उत्तरली. पाणी तिच्या घोट्यांवर आले.

‘कृपया उतरावे.’

‘किती लांबून बोलतोस…’ पाणी गुडघ्यांवर आले.

परीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मागे कोणी खाकरले. तो तिचा भाऊ होता, तो उठून उभा राहिला होता. वाचकहो, काय लिहायला हवे ते मला कळले नव्हते असे नाही. कळले होते. पण जन्मभर वाकवलेली जीभ एका क्षणात सरळ कशी व्हावी? शिवाय ती आता नुसती नावाडीण राहिली नव्हती. तो शब्द मी जिला उद्देशून लिहिणार होतो, ती समोरच बसली होती. तिला तो रुचला नाही तर?… आणि लिहिला नाही, तर तिची सारी वर्षे या पाण्यात जाणार होती.

मी मान वळवून पहिल्या रांगेकडे पाहिले. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले होते. डोळे मात्र कोणत्याही नियमाला बांधलेले नव्हते.

पाणी कंदिलाला लागले. मी कळ दाबली. एकच अक्षर.

‘ये.’

नावाडिणीने वल्हे सोडले. तिने एक पाऊल वाळूत टेकवले, मग दुसरे. होडी तिच्यामागे रिकामीच बुडाली. सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मी दचकून खुर्चीला धरले.

“एवढ्याशा शब्दाला इतका वेळ का हो लावलात?” परीक्षक बाईंनी विचारले.

“एवढासा नव्हता, बाई,” मी म्हणालो, आणि लोक पुन्हा हसले. मी विनोद केला नव्हता.

निकाल लागेपर्यंत ती नखे कुरतडत होती, मी टेप उघडत-मिटत होतो. निवडलेल्या खेळांत तिचे नाव पुकारले गेले तेव्हा ती उठलीच नाही. भावाने दंडाला धरून उठवली.

“जा, जा! टेबलावर काय, धूळ बसू देतो,” असे म्हणून त्याने रुमालात मोठ्याने नाक शिंकरले.

सभागृहाच्या मागील जिन्यावर गर्दी नव्हती. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती, आणि तिचा आवाज तिच्याही ताब्यात नव्हता.

“मला वाटलं, बुडवताय आता मला.”

“आपण आधी सांगायचे होते.”

“मैत्रिणीला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं झालं.” तिने कठड्यावरून बोट फिरवले, थेंब ओघळले. “एक विचारू? खरं सांगायचं. ते ‘ये’… नावाडिणीलाच म्हणालात ना?”

मी टेप उघडला आणि पुन्हा मिटला.

“म्हणजे खेळासाठी तसं लिहावंच लागलं असतं. मला कळतं. मी आपलं उगीच…”

“नाही,” मी म्हणालो.

“मग कुणाला?”

आता येथे टंकण्याची सोय नव्हती. बोटाचा काही उपयोग नव्हता.

“तुला,” मी म्हणालो.

ती पावसाकडे वळली. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. मग एक पायरी उतरून माझ्या पायरीवर आली.

“परत म्हण,” ती म्हणाली.

मी म्हटले.

आपण आपला बहुमोल वेळ देऊन माझी ही हकिगत शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आढळल्यास त्या पोटात घालाव्यात, ही विनंती. सर्व वाचकांना माझा सादर नमस्कार.

आपला नम्र,
झालर
(पडदे बसवणारा)