आधी चुकलं म्हणा

"थंड ठेवा म्हणालीस ना? मग आणखी थंड ठेवलं!" अप्पा म्हणाले, आणि ताईच्या हातातलं वजन कमी करायचं इंजेक्शन दगडासारखं कडक झालेलं... बर्फाच्या कप्प्यातून ओढून काढलेलं!

फ्रिजच्या दारात ठेवायचं, गोठलं की वाया, हे तिनं शंभरदा सांगितलं होतं. पण दारात अप्पांची सरबताची बाटली मावत नव्हती, म्हणे!

या घरात माफी कुणी मागत नाही. ताईला दुखावलं की तिच्यापुढे गोडाची बशी सरकवायची, बस्स. आई गेली, शाळा सुटली, ती शिलाई मशीनवर बसली, तेव्हा बशी. 'घर कोण बघणार' म्हणून अप्पांनी तिचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा तर केवढी मोठी बशी! आणि ती वेडी, ओट्याशी उभी राहून, हुंदका आणि घास एकदमच गिळायची... जगाचे कपडे मापात बसवणारी बाई स्वतःच्या शिवणी दर वर्षी उसवत राहिली. दोनदा उपाशी राहून बारीक झाली, दोनदा पुन्हा फुगली, आणि हसायला घरचेच पुढे!

या वेळी डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि वर विचारलं, "भूक पोटात लागते की छातीत?" तेव्हापासून ती बसून जेवते, मशीन बंद केलं की चालायला जाते, आणि राग आला तर बोलते. शिवणी आत घेतल्या तिनं. पण तिचं बोलणं घराला पचेना.

"एका सुईसाठी एवढं?" धाकटा भाऊ फिस्कारला. "आधीची ताई बरी होती. गप्प तरी बसायची."

अप्पांनी केकची बशी सरकवली. "खा पोरी. राग जाईल."

तिचा हात गेलासुद्धा... आणि थांबला.

"नाही जाणार! इतकी वर्षं गिळतेय मी, तुमचा राग, याचा राग, माझा राग! अंगावर चढलाय तो, दिसत नाही? मला केक नको, अप्पा. 'चुकलं' म्हणा!"

"बापाला माफी मागायला लावतेस?"

"हो. लावते!"

आणि ती ओट्याकडे पळाली नाही. तिथेच खुर्चीवर बसून, रिकाम्या तोंडानं, ढसाढसा रडली. असं रडताना तिला कुणी पाहिलंच नव्हतं.

धाकट्यानं मान खाली घालून फ्रिजच्या दारातली बाटली काढली, कप्पा पुसला. "नवीन मी आणतो, ताई. तूच ठेव, मी हात लावत नाही."

अप्पांनी केकची बशी स्वतःकडे ओढून घेतली.

"चुकलं माझं... इंजेक्शनचं." त्यांनी बशी मधोमध ठेवली. "लग्नाचंही."

ताईनं ओढणीनं तोंड पुसलं. केकचे दोन तुकडे केले, मोठा अप्पांना दिला आणि लहान घेऊन खाली नीट मांडी घालून बसली.

"गेला राग?" अप्पांनी हळूच विचारलं.

"नाही. राग आहे अजून," ती म्हणाली. "पण भूक पोटात लागलीय."