विरळ हवेचं बाळ

पातेल्यातला भात पुन्हा कच्चाच राहिला. लेकीला डोहाळे लागले होते मोकळ्या भाताचे, आणि या उंचीवर पाणी नुसतं खदखदायचं, तांदूळ काही शिजायचा नाही. शालननं शीत दाबून पाहिलं आणि ती स्टुलावर मटकन बसली. इथं येऊन आठवडा होत आला तरी चार पावलांत धाप लागत होती. नाकातली प्राणवायूची नळी तर जीव नकोसा करत होती.

"प्रवाह ठीक," वृंदाच्या पोटावरचा पट्टा म्हणाला.

"गप रे मेल्या," शालन पुटपुटली. पोटुशा बाईच्या पोटावर बोलणारं यंत्र बांधतात, हे तिला अजून पचत नव्हतं.

वृंदा आणि जावई लडाखच्या पठारावर दुर्बिणीच्या वसाहतीत नोकरीला होते. वृंदाचं आधीचं बाळ इथंच, पोटातच दगावलं. विरळ हवेत प्राणवायू कमी. इथल्या मूळच्या बायकांच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिवस गेले की चांगल्या रुंदावतात, ती पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई. खालून आलेल्या बाईच्या तेवढ्या रुंदावत नाहीत आणि बाळ उपाशी राहतं. म्हणून या खेपेला वृंदानं नवी 'वाहिनी-लस' घेतली होती. पिढ्यांचं काम ती काही आठवड्यांत उरकायची, आणि बाळाकडे रक्त नीट जातंय ना, यावर पट्टा लक्ष ठेवायचा.

सातवा लागला तशी शालन देवगडहून लेकीला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात विचारायचं काय! पण बॅग भरून झाली तरी वृंदा रोज "उद्या बघू" म्हणत होती.

दुपारी डॉक्टर आंगमो तपासायला आल्या. त्या पुण्यात शिकलेल्या, मराठी छान बोलायच्या.

"उद्या नेतेय हो हिला घरी," शालन म्हणाली.

डॉक्टरांनी वृंदाकडे पाहिलं. "तुम्ही आईंना सांगितलं नाहीत?"

वृंदानं मान खाली घातली.

"काय सांगायचं राहिलंय?" शालननं विचारलं.

"आई, पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळ रक्ताची एक आडवाट असते, फुप्फुसं टाळून जाणारी," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "जन्मानंतर श्वास सुरू होतो, प्राणवायू वाढतो आणि ती मिटते. लसीच्या बाळांना ही विरळ हवाच सवयीची होते. पोटुशी बाई समुद्रकाठी गेली, की एवढा प्राणवायू मिळतो की बाळाच्या शरीराला वाटतं जन्म झाला. वाट पोटातच मिटते, रक्त अडतं. एक बाई अशीच माहेरी गेली होती. बाळ वाचलं नाही."

शालन लेकीकडे वळली आणि एकदम उसळली. "मग मला 'ये न्यायला' का म्हणालीस गो?"

"तू फोनवर इतकी खूश होतीस. नाही म्हणवेना." वृंदाला हुंदका आला. "आणि मला तू हवी होतीस. भीती वाटते गं आई, मागच्यासारखं झालं तर?"

शालनचा राग तिथल्या तिथं विरला. तिनं लेकीचं डोकं छातीशी धरलं. "रडू नकोस. मी राहते इथंच. बाळंतपण करूनच जाईन."

बोलता बोलता तिला खोकला आला आणि थांबेचना. डॉक्टरांनी तिच्या बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला, पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "तुमच्या फुप्फुसांत पाणी धरायला लागलंय. आजच खाली जायला हवं. ही हवा तुम्हाला मानवायची नाही, आई. आत्ता नाही आणि पुढंही नाही."

भांडायचं त्राण शालनमध्ये नव्हतं. जावयानं गाडी दाराशी आणली. वृंदा उंबऱ्यात उभी राहिली. तिच्याकडे पाहायला शालनला धीर झाला नाही. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीशी उभ्या डॉक्टरांचा हात धरला.

"थोडं मोठं झालं की येईल ना ते देवगडला?"

"खरं सांगू? जन्मल्यावर तरी खालची हवा त्याला सोसेल का, मला माहीत नाही. या लसीचं सगळ्यात मोठं मूल अजून रांगतंय."

शालननं डोळे पुसले. आयुष्यात एवढी ती कधी थकली नव्हती.

"खालची हवा त्याला चालायची नाही, वरची मला," ती म्हणाली. "मग या उतारावर मधे कुठंतरी असं एखादं गाव असेल का हो डॉक्टर, जिथं आम्हा दोघांनाही श्वास घेता येईल?"