धूर गेला कुठे?

"दुर्बीण माझ्याकडे राहणार!" मानस ओरडला.

"तुझ्याकडे सँडविचचा डबा राहणार. दुर्बीण अंशुमनकडे, तो पाहुणा आहे," कृतिकाने धाकट्या भावाला निकाल देऊन टाकला.

कृतिकाचा मामेभाऊ अंशुमन नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दिल्लीच्या द्वारका भागात त्यांच्या घरी आला होता. आज सगळे सुलतानपूरच्या तलावावर पक्षी बघायला निघाले होते. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि धुरकं इतकं दाट, की समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नव्हती.

कृतिकाचे बाबा, हरीश, आपल्या जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन सुरू करून कौतुकाने मागे येऊन उभे राहिले.

"अंशुमन, दिवाळीत ही गाडी मागून निळा धूर ओकायची! आमच्या गौरवच्या गॅरेजमध्ये टाकली, आणि आता बघ. धूर एकदम खतम!"

अंशुमनने वाकून पाहिलं. खरंच, मागच्या नळीतून जेमतेम एखादी पुसट रेघ निघत होती.

"काका, त्यांनी नेमकं काय दुरुस्त केलं?"

"ते मला काय माहीत? धूर बंद झाला ना, बस!"

सगळ्यांत शेवटी आई, शालिनी, खाली आली. ती दिल्लीबाहेर, हायवेलगतच्या मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनीयर होती. रोज ही गाडी तीच न्यायची. गेले कित्येक दिवस तिचं डोकं दुखत होतं, आणि आता ती विसरायलाही लागली होती. एकदा गॅस चालूच राहिला. एकदा मानसला क्लासवरून आणायचंच ती विसरली, आणि तो अंधारात रडत उभा होता! डॉक्टर म्हणाले होते, प्रदूषण आणि कामाचा ताण. हिवाळ्यात दिल्लीत कोणाचं डोकं दुखत नाही?

थंडी आत येऊ नये म्हणून काचा बंद करून गाडी निघाली. बाबांच्या बाजूची काच तेवढी पूर्ण वर जायची नाही, तिथे बोटभर फट राहायची. आई गाडी चालवताना त्या फटीत रुमाल कोंबायची, बाबा मात्र ती तशीच ठेवायचे.

गाडीत धुराचा वास होता, पण धुरक्यामुळे सगळ्या दिल्लीलाच तो वास होता. सुरुवातीला भरपूर दंगा झाला. मग मानसची बडबड थांबली. अंशुमनला मळमळायला लागलं. कृतिकाच्या कानशिलात ठणके बसत होते. आईने डोळे मिटून घेतले होते.

तलावापाशी गाडी थांबली.

"मानस, ऊठ! आलं सुलतानपूर!" कृतिकाने त्याला हलवलं. त्याची मान एका बाजूला कलंडली.

"मानस! यार, नाटक करू नकोस!"

तो नाटक करत नव्हता. बाबांनी त्याला उचलून बाहेर गवतावर ठेवलं. त्याचे हात लुळे पडले होते. आई त्याच्या गालांवर थापट्या मारत होती. कृतिका त्याचे तळवे चोळू लागली. बऱ्याच वेळाने मानसने डोळे उघडले आणि तो भडाभडा ओकला.

"गाडी लागली त्याला," बाबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सकाळी पराठे जास्त झाले."

"मग माझं डोकं का दुखतंय?" कृतिकाने विचारलं. "मी तर पराठा खाल्लाच नाही! आईला, अंशुमनला, सगळ्यांना त्रास होतोय. फक्त तुम्हाला नाही."

उघड्या हवेत बसल्यावर हळूहळू सगळ्यांचं डोकं हलकं झालं. अंशुमन गाडीच्या काचांकडे बघत होता. मग त्याने हळूच कृतिकाला बाजूला घेतलं.

"काकांची काच उघडी होती. मला सांग, आत्याचं डोकं घरी असताना दुखतं?"

कृतिका आठवू लागली. "गाडी गॅरेजमध्ये होती तेव्हा आई कंपनीच्या बसने जायची. तेव्हा ती ठीक होती. अगदी ठीक!" ती एकदम थांबली. "अंशुमन, इंजिन तर तेच आहे. मग तो निळा धूर गेला कुठे?"

परतताना तिने हट्टच धरला. "सगळ्या काचा खाली!"

"या थंडीत? सगळं धुरकं आत येईल!" बाबा म्हणाले.

"येऊ दे! काचा वर असतील तर मी बसणारच नाही!"

सगळे कुडकुडत घरी पोचले. पण या वेळी कोणाचंही डोकं दुखलं नाही.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर दोघं बॅटरी घेऊन पार्किंगमध्ये गेले. अंशुमनने डिकीतला गालिचा उचलला. त्याची खालची बाजू काळी झाली होती.

"कालिख!" कृतिका म्हणाली.

"काजळी म्हण. दिल्लीत राहून मराठी विसरलीस!"

"शब्दांचं राहू दे. ही आत आली कुठून?"

कृतिका जमिनीवर आडवी झाली आणि तिने बॅटरीचा झोत गाडीखालून वर धरला. अंशुमन डिकीत डोकं घालून बघत होता.

"दिसला! उजेड आत येतोय! इथे भोक आहे, बाटलीच्या झाकणाएवढं. इथलं रबरी बूच गायब आहे!"

"आणि सायलेन्सरच्या पुढचा पाईप तडकलाय," खालून कृतिकाचा आवाज आला. "वर कसलीतरी पेस्ट थापलीये, तीही सुटलीये. धूर मागे पोचतच नाही, अंशुमन. तो इथून निघतो आणि आत येतो. आई रोज..."

ती गाडीखालून बाहेर आली आणि बाबांना बोलवायला धावली.

बाबांनी सगळं पाहिलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. "गौरव इतका जुना ओळखीचा आहे. चलो, त्यालाच विचारू." काचा उघड्या ठेवून तिघं गॅरेजवर गेले.

गौरव हसला. "अरे भाईसाहब, बच्चे वीडियो देखते रहते हैं! गाडी एकदम ओके है."

बाबांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात कृतिका पुढे झाली. तिने मागचं दार उघडलं.

"ओके है ना, भैया? तो आप पीछे बैठिए. शीशे बंद करके. पापा इंजन चालू करेंगे. बस, आधा घंटा!"

"हां हां, क्यों नहीं!" गौरवने एक पाय आत टाकला. मग त्याची नजर उघड्या डिकीकडे, त्या काळ्या गालिच्याकडे गेली. त्याने पाय मागे घेतला.

"मेरे को दूसरी गाडी देखनी है."

"बैठ ना, गौरव," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "मेरी बीवी रोज बैठती है."

गौरवने हातातला पाना खाली ठेवला. मग पुटपुटत त्याने सगळं कबूल केलं. काम करताना पाईप त्याच्याच हातून तडकला होता, म्हणून त्याने पेस्ट लावून वेळ मारून नेली होती. बूच कुठे पडलं ते त्याने शोधलंही नव्हतं. इंजिन तर त्याने उघडलंच नव्हतं!

बाबांनी गाडी तिथेच सोडली. टॅक्सीने घरी येऊन ते आईला, मानसला, कृतिकाला आणि अंशुमनला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले.

डॉक्टर सुमित्रांनी सगळ्यांचं रक्त तपासलं. आईला आणि मानसला ऑक्सिजन लावला.

"कार्बन मोनॉक्साइड," त्या म्हणाल्या. "याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते, आणि कधीकधी ती झोप मोडतच नाही. उद्या या एकट्या हायवेवर असत्या तर..." त्या सगळ्यांकडे वळल्या. "कोणी ओळखलं हे?"

बाबांनी नुसतं मुलांकडे बोट दाखवलं.

"शाबास! मोठ्यांनी धुरक्यावर खापर फोडलं. आमच्यातल्याच एका डॉक्टरांनीसुद्धा! तुम्ही मात्र प्रश्न सोडला नाहीत."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडीला नवा पाईप लागला, नवं बूच बसलं. निळा धूर इंजिनमध्ये ऑइल जळत असल्यामुळे येत होता. इंजिनचे झिजलेले सील बदलले गेले. या वेळी बाबा सगळं काम संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

आईची डोकेदुखी मात्र लगेच गेली नाही. एका दुपारी ती कृतिका आणि अंशुमनजवळ येऊन बसली.

"तुम्हाला एक सांगू? मला वाटत होतं, माझी बुद्धीच चाललीये. मानस अंधारात उभा होता ना, त्या दिवसापासून मला स्वतःचीच भीती वाटायची. मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं."

"मला सांगायचंस ना, आई!"

"तू लहान आहेस असं वाटलं." आईने तिचा हात घट्ट धरला. "ती माझी चूक झाली."

दारात बाबा उभे होते. "माझीही चूक झाली. धूर गेला कुठे, ते मी विचारलंच नाही," ते म्हणाले. मग ते आत आले आणि त्या तिघांच्या शेजारी जमिनीवर बसले.