नकोशीची उचकी

“ओ! हात काढा आधी तिथनं!”

ऋषिराजला मी बोललेलं पहिलं वाक्य हे असं. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा माझं डोकं तापलं होतं. आमच्या बारामतीच्या दूध प्रकल्पात गार पाण्याचे तीन पंप आहेत, शेजारी-शेजारी. तिसरा बंद करून मी त्याच्याखाली आडवी होऊन नट आवळत होते. मी तिथली फिटर, दिपाली, राहणार जळोची. वर बघते तर कुणाचा तरी अनोळखी हात माझ्या पंपावर खटकन काहीतरी चिकटवतोय!

सरकत बाहेर आले. समोर एक उंच, सावळा मुलगा. बाहेर परतीचा पाऊस धो-धो पडत होता, ह्याच्या केसांतनं पाणी गळत होतं आणि हा गडी हसत होता.

“माफ करा… खाली कुणी आहे हे दिसलंच नाही.”

“पंपाखाली फिटर नाही तर काय मांजर असणार?”

“मांजर एवढं ओरडत नाही.”

हातात पाना होता. मारला नाही, हे त्याचं नशीब.

त्यानं चिकटवलं होतं ते बटणाएवढं सेन्सर. पाठीमागं लोहचुंबक. पंपाची थरथर ते ऐकणार, कॉम्प्युटरला कळवणार, आणि कुठला पंप कधी बिघडणार ते तो कॉम्प्युटर म्हणे आधीच सांगणार. एआय!

“म्हंजी आमी काय करायचं? टाळ कुटत बसायचं?” सावळाराम तात्या म्हणाले. तात्या आमच्या मेंटेनन्सचे सगळ्यात जुने. त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या विजयसिंह साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, दसऱ्याच्या मुहूर्तावर ही सिस्टीम सुरू होणार, आणि ती नीट चालली की मेंटेनन्सची माणसं निम्मी होणार. शेवटी आला तो आधी जाणार. शेवटी आलेली मीच.

मी आयटीआयला फिटरला नाव घातलं तेव्हा भावकी हसली होती. “पोरगी पाना फिरवणार म्हणं!” ही नोकरी म्हणजे त्या हसण्याला माझं उत्तर होतं. ती घालवायला आलेल्या माणसाशी मी गोड बोलावं? छे!

पण तो रोज यायचा ना. इंदापूरहून, मोटारसायकलवर, पावसात भिजत. आला की आधी पंपाकडं बघायचा, मग माझ्याकडं… नाही, आधी माझ्याकडंच.

“दिपाली मॅडम, ह्या तीन नंबरला सगळे नकोशी का म्हणतात?”

“मॅडम म्हणू नका, हातातनं पाना सुटतो. सारखी बिघडते, म्हणून नकोशी. आणि तुम्ही म्हणायचं नाही. आमच्या घरातलं नाव आहे ते.”

“बरं, नाही म्हणत. पण तिच्या थरथरीची ही लाट बघा ना,” असं म्हणत त्यानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला.

मी बघणार नव्हते. पण बघितली. दोन उंचवटे आणि मग एक बारीक झटका. परत दोन उंचवटे, परत झटका.

“अय्या! उचकी लागलीय तिला!”

तो असा काही हसला की चहा सांडला. त्या दिवसापासनं आमचं ठरूनच गेलं. चहाच्या सुट्टीत तो लाट दाखवायचा आणि मी सांगायचे की ही पायाचा नट ढिला असल्याची थरथर, ही पाण्यात हवा शिरल्याची. तो ते कॉम्प्युटरला शिकवायचा, आणि मी कॉम्प्युटर शिकायचे.

“कळपात कुठलं मेंढरू लंगडतंय, ते माझे आजोबा, म्हस्कू आबा, बघायच्या आधी ऐकून सांगायचे,” तो एकदा म्हणाला. “आबांचं वय झालं, आता मी तेच करतो. मेंढरांच्या जागी मोटारी.”

“आणि मेंढरू लंगडायला लागलं की आबा काय, नुसतं सांगून घरी जायचे?”

“नाही… मांडीवर घ्यायचे,” म्हणाला, आणि माझ्याकडं असा बघत राहिला की मला उगीचच पाना पुसावा लागला.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी यंत्रांना आंघोळ असते. दूध काही थांबत नाही, म्हणून एकेक पंप बंद करायचा, धुवायचा, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. भिजू नयेत म्हणून तात्यांनी सेन्सरची बटणं काढून ताम्हणात ठेवली. तीही आता घरातलीच, म्हणून मी त्यांनाही हळद-कुंकू लावलं. पूजा झाली, आणि एकेक बटण उचलून आम्ही परत चिकटवून टाकलं. मनात त्या सिस्टीमला म्हटलं, बाई गं, माझी नोकरी तेवढी खाऊ नको.

दुसऱ्या दिवशी दसरा. साहेबांनी नारळ फोडला. ऋषिराजनं कॉम्प्युटरचा मोठा पडदा सुरू केला, आणि लगेच लाल दिवा! दोन नंबरचा पंप. बेअरिंग जाणार, थोडेच दिवस उरलेत.

“उघडा,” साहेब म्हणाले.

मी आणि तात्यांनी दोन नंबर उघडला. बेअरिंग आरशासारखं लख्ख! एक चरा नाही.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “हेच का तुमचं एआय? धडधाकट पंप उघडायला लावला! गुंडाळा हा बाजार.”

तात्यांनी मला कोपरानं ढोसलं. मिशीतल्या मिशीत हसत पुटपुटले, “वाचलो गं पोरी.”

वाचलो! मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात माझी नजर पडद्यावर गेली. दोन उंचवटे… आणि एक बारीक झटका.

ही दोन नंबरची लाट नव्हतीच. ही उचकी तर माझ्या नकोशीची! आणि एकदम ते ताम्हण डोळ्यांपुढं आलं. पूजेनंतर कुठलं बटण कुठं लावलं, ते आम्ही बघितलंच नव्हतं.

ऋषिराज खाली मान घालून वायर गुंडाळत होता. एक शब्द बोलत नव्हता. मी गप्प राहिले तर माझी नोकरी राहणार होती, आणि हा मान खाली घालून इंदापूरला जाणार होता… परत कधी न येण्यासाठी. बोलले तर त्याची सिस्टीम खरी ठरणार, आणि पहिली मी बाहेर. पण त्याची ती खाली गेलेली मान मला बघवेना, आणि आतनं झिजत चाललेली नकोशीही दिसत होती.

“साहेब, तीन नंबर उघडा.”

“का?”

“सिस्टीम बरोबर बोलतीय. चुकलं आमच्या पूजेत. धुताना बटणं काढली, ती परत लावताना आम्ही अदलाबदल केली.”

“पोरी!” तात्या ओरडले. मी ऐकलं नाही. स्वतःच्या हातानं तीन नंबर उघडला. बेअरिंगला खड्डे पडले होते. आठवडाभरात जाम झालं असतं, आणि गार पाणी कमी पडून टाकीतलं दूध नासलं असतं.

साहेब वाकून बघत राहिले. आता बोलायचंच तर सगळंच बोलू, म्हणून मी उभी राहिले.

“साहेब, मशीननं सांगितलं दुखतंय. पण कुणाचं दुखतंय ते वळखायला माणूस लागलं, आणि बरं करायलाही लागणार. मला काढायचं तर काढा. पण उद्या ही लाट वाचून पाना कोण उचलणार, तेवढं सांगा.”

साहेबांनी ऋषिराजकडं बघितलं. “हिला वाचता येतं हे?”

“सर, आता त्याच वाचतात,” तो म्हणाला. “मी चहा पितो.”

साहेबांना हसू आवरलं नाही. मग नवं बेअरिंग बसेपर्यंत तिथंच खुर्ची टाकून बसले. नकोशी सुरू झाली, उचकी बिचकी काही नाही, पडद्यावर हिरवा दिवा! कामगारांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काढायचं नाही, असं साहेबांनी तिथंच सांगितलं. जे निवृत्त होतील त्यांच्या जागी नवी भरती मात्र नाही. पडदा माझ्या ताब्यात, आणि बाकीच्यांना मी शिकवायचं.

“मलाबी?” तात्यांनी विचारलं.

“तुम्हाला आधी. बटण कुठं लावायचं, तिथनंच सुरुवात.”

पाळी सुटली. फाटकाबाहेर ऋषिराज आपट्याची पानं घेऊन उभा. पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता.

“सोनं घ्या.” पानं देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि त्यानं ती काढून घेतली नाहीत. “एक सांगू? बटणांना कुंकू लागलेलं सकाळीच बघितलं होतं मी, म्हणजे पूजेला ती काढली होती. पंप लख्ख निघाला तेव्हा लक्षात आलं सगळं.”

मी थक्क! “मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर… तुमची नोकरी गेली असती.”

“आणि तुमची गेली असती ती? माझी नकोशी बंद पडली असती ती?”

“नकोशीचं तात्यांच्या कानात सांगून जाणार होतो. माझं काय… मिळाली असती दुसरी.” तो थांबला. “नोकरी मिळाली असती. तुम्ही कुठं मिळाला असता?”

अगं बाई! एवढा वेळ पंपासमोर फडाफडा बोललेली मी, आता आपट्याची पानंच मोजत बसले. मग म्हटलं, बोलायचा दिवस आहे दिपाली, बोलून टाक.

“येडा आहेस तू. आणि मला आवडतोस. दोन्ही खरं.”

तो हसला, त्या पहिल्या दिवसासारखा. मी स्कूटी काढली. “मोटारसायकल राहू दे इथंच. बस मागं.”

“कुठं?”

“दसरा आहे. सीमोल्लंघन नको करायला? पिंपळी गाव ओलांडायचं, तालुक्याची हद्द ओलांडायची आणि थेट इंदापूर. तुझ्या म्हस्कू आबांना सोनं द्यायचंय मला.”

“आबांना काय सांगू? कोण आलीय म्हणून?”

“सांग, फिटर आलीय.”

तो मागं बसला. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं रस्ता मोकळा. त्याचा हात माझ्या खांद्यावर आला… आणि ह्या खेपेला ‘हात काढा’ असं मी म्हणाले नाही.