'झालं' म्हणेपर्यंत

साल बासष्ट असावं. त्या दुपारी मी कान्ह्याला, माझ्या गावी, घरी गेलो तो केवळ हात बसावा म्हणून. लोणावळ्याच्या स्टुडिओत मी नवा होतो. मालक विठ्ठलरावांनी कॅमेरा आणि तिपाई हातात देऊन बजावलं होतं, "उजेड कमी असेल तर शटर जास्त वेळ उघडं ठेव. अंधारातलंसुद्धा हळूहळू फिल्मवर साठत जातं. समोरचा मात्र हलता कामा नये."

शेजारच्या भामामावशीचा जन्मात फोटो निघाला नव्हता. सासरी गेलेल्या चिंगीला द्यायला तिला तो हवा होता. पडवी चांगलीच काळोखी, भाताच्या कोंड्याचा वास भरलेली. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीशी बसली.

"मी 'झालं' म्हनेपर्यंत हालायचं न्हाई हं. पापनीसुदिक न्हाई."

"म्या कुटं हालतीया? तू सांगाया इसरू नगंस."

शटर उघडलं, मनात आकडे मोजले, मिटलं. तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. ती चुकली असती तर विठ्ठलरावांनी माझी खरडपट्टी काढली असती. कॅमेरा काखोटीला मारून मी धूम ठोकली.

संध्याकाळी मावशी शेजाऱ्यांना तशीच बसलेली सापडली. हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, अंग थंडगार.

"आय अशी कशापायी बसली आसंल रं?" चार दिवसांनी मी गावी गेलो तेव्हा चिंगीनं मला विचारलं. "आन् तिचा फोटू?"

"बिघडला," मी खोटं बोललो. फोटोत मावशी अगदी तशीच बसली होती. वय झालं होतं, गेली, असं लोक म्हणाले. पण तिला तिथं बसवून मीच पळालो होतो. एक शब्द बोलायला मला किती वेळ लागला असता?

पुढे एका बंगल्यात मावळतीच्या उजेडात मी एका जोडप्याचा फोटो काढला. शटर बराच वेळ उघडं ठेवलं होतं. ती दोघं जरा हलली, पुसट आली. त्यांच्यामागे भिंतीशी भामामावशी बसली होती, अगदी रेखीव. भर उन्हात झटकन काढलेल्या फोटोंत ती नसायची. शटर रेंगाळलं की हमखास यायची.

विठ्ठलरावांनी प्रिंट पाहून एवढंच विचारलं, "ही कोण रे... जरासुद्धा हलली नाही?"

शेवटी मला राहवेना. कान्ह्याला गेलो, तिच्या रिकाम्या पडवीत तिपाई त्याच जागी मांडली आणि शटर उघडलं.

"मावशी... झालं. चुकलं माझं. ऊठ आता..."

कोंड्याचा वास एकदम दाटून आला. मी शटर मिटलं.

फोटो धुतला तर भिंतीशी कुणीच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मग प्रिंट दिव्याजवळ धरली. भिंतीपासून एक धुरकट पट्टा पुढे निघाला होता, शटर उघडं असताना चालणाऱ्या माणसाचा उमटतो तसा. तो थेट कॅमेऱ्यापर्यंत आला होता आणि तिथून वळला होता, मी उभा होतो त्या बाजूला.

तेव्हापासून मी काढलेल्या फोटोंत मावशी कधी आली नाही. माझा स्वतःचा फोटो मात्र मी अजून कुणाला काढू दिलेला नाही.