पाण्यातली छाया

नत्थू, कंदील बारीक कर रे, डोळ्यावर येते. अन् हसू नको. श्रावण पेंटर माहा सख्खा मावसभाऊ. त्यानं मले खोटं कायले सांगावं?

सत्त्याहत्तर सालची भाऊबीजेची रात. दुसऱ्या दिवशी आसगावच्या मंडईत, म्हंजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक, अन् नाटकमंडळीले मागच्या पडद्यासाठी तलावाचा देखावा पाह्यजे होता. श्रावण दुपारीच चौकटीवर कपडा ताणून तलावावर गेला. त्याची रीतच होती, बाहेर कच्चं, घरी पक्कं. तलावाच्या बांधाची पाळ, सिंदीची झाडं, पाणी, सारं भरभर उतरवलं अन् दिवस बुडता घरी आला.

जेवण करून चित्र पक्कं कराले बसला. पाहते तं काय, पाण्यात एका बाईची उलटी छाया. पाळीवर मात्र कोणीच नाही. दुसरा कोणी असता तं छाया पुसून मोकळा झाला असता. पण हा पेंटर! त्याले वाटलं, घाईत बाईच काढाची राह्यली. छायेच्या वर बाई बसवाले निघाला, अन् बायकोले हाक मारली.

"आनंदा, पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन जराशी उभी राह."

"आता? एवढ्या राती कोणती बाई पाणी भरते जी?" आनंदाबाई हसली, पण उभी राह्यली.

डोकं झालं. पदर झाला. छायेशी बराबर जुळून राह्यलं होतं. श्रावण खूश.

"अजी... पाय थंडे पडून राह्यले माहे."

"हालू नको. पायच राह्यले."

त्यानं पाय काढले. पाण्याले टेकवले.

"झालं वं. आनंदा?"

...

त्यानं मागं पाह्यलं. सारवलेली जमीन ओली. लुगडं घोट्यावरी भिजलेलं. मंग गुडघ्यावरी. डोळे उघडे... पण त्याच्याकडं नाही. खाली.

श्रावणनं ओलं फडकं घेतलं. रंग कच्चाच होता. पाय पुसले. पदर पुसला. तोंड पुसलं...

तवा ती धपकन पडली. जगली बाप्पा, जगली!

काय म्हणतं, नत्थू? छाया? ती काही पुसल्या गेली नाही. किती घासली. मंग त्यानं चौकट मोडून कपड्यासकट चुलीत घातली. इथंच चुकला का काय, मले समजत नाही. पण भेव वाटते.

आनंदाबाई अजून तलावावर धुणं घेऊन येते. उद्या सकाळी सारे जा. रामराम करा, बोला तिच्याशी, मोठी मायाळू बाई आहे. अन् हळूच पाण्यात पाहा. साऱ्या बायांच्या छाया दिसतील...

तिच्या पायाखाली नुसतं आभाळ दिसते.