ओफेलियाचं बटण

सकाळचा भूकंपाचा धक्का इतका किरकोळ होता की एरमिनिया बारियाबाईंच्या कपातला चहासुद्धा सांडला नाही. चिलीच्या वाल्परायसोत असे धक्के कोणी मोजत बसत नाही. तासाभराने फोन वाजला तेव्हा त्या तो विसरूनही गेल्या होत्या.

"बाई, लगेच या!" आन्सेल्मो उर्रुतियाची मुलगी एलियाना धापा टाकत होती. "बाबांचं जहाज फुटलं. मंडळात. ते नुसते खुर्चीत बसलेत, पाणीसुद्धा घेत नाहीत."

बाईंनी पाव तसाच टाकला आणि कोट चढवला. बंदरावरच्या जकात खात्यात तीस वर्षं त्यांनी फुटलेला माल तपासला होता. पेटी समुद्राने फोडली की माणसाने, एवढंच सांगायचं काम. निवृत्त झाल्यावर टेकडीवरच्या लोकांनी त्यांना घरचं काम लावून दिलं. कुणाची फुलदाणी, कुणाचं लग्न.

मंडळ म्हणजे कोर्दियेरा टेकडीवरचा एक थंडगार हॉल. तिथे चौदा म्हातारे किटमधली लाकडी जहाजं जोडतात. खोक्यात पट्ट्या, दोरा, पितळी तोफा आणि आराखडा मिळतो, धीर मात्र आपला आपण आणायचा. आन्सेल्मो सात वर्षं एकाच तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर बसला होता. आता त्याचे हात थरथरत होते. हे जहाज शेवटचं, हे त्यालाही ठाऊक होतं.

ते आता जमिनीवर होतं. डोलकाठ्या मोडलेल्या, दोरांचा गुंता, सांगाडा उभा चिरलेला.

"धक्क्याने पडलं, आणखी काय!" मंडळाचे अध्यक्ष सिल्व्हिओ मातुराना म्हणाले. शाळामास्तरकी सुटली तरी त्यांचा आवाज फळ्यासमोरचाच राहिला होता.

बाईंनी फळीकडे पाहिलं. बाकीची अकरा जहाजं जागच्या जागी उभी होती. एकाचं शीडही वाकडं झालं नव्हतं.

"ही का नाही पडली?"

"चार-चार स्क्रूंनी आवळलीत म्हणून. या गावात माणूस जहाज आधी आवळतो, मग कौतुक करतो."

"आणि आन्सेल्मोचं?"

सिल्व्हिओंनी बाकावरची चहाची रिकामी डबी पुढे केली. आत चार स्क्रू होते. "पुसायला काढले असतील. परत लावायला विसरला."

विसरला. हा शब्द खोलीभर फिरला आणि एलियानापाशी येऊन थांबला. ती तीन दिवसांपूर्वी सांतियागोहून आली होती. मागच्या महिन्यात बाबांकडून गॅस चालू राहिला होता. आणखी एकदा असं झालं तर घर बंद करून बाबांना बरोबर न्यायचं, असं तिने सांगून ठेवलं होतं. बॅग भरलेली होती.

"मी आवळले होते," आन्सेल्मो म्हणाला. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर टकटक वाजत होती, थांबवता येत नव्हती. "शनिवारी. चारही."

"असू दे रे, कोंपाद्रे," वेन्सेस्लाओ ओयार्सूनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वेन्सेस्लाओ टगबोटीवरचा जुना गडी. एलियानाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता, म्हणजे पाद्रिनो, म्हणून तोच उभा राहिला होता, तेव्हापासून दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. "वय झालं की होतं असं. माझंही होतं."

"एवढं करा," आन्सेल्मो बाईंना म्हणाला. "आत माझ्या बायकोचं, ओफेलियाचं, बटण आहे. मधल्या डोलकाठीच्या बुडाशी. सगळे तिथे नाणं ठेवतात, नशिबासाठी. ती म्हणाली, नाण्याने कुणाचं भलं झालंय? आणि ब्लाउजचं शिंपल्याचं बटण तोडून दिलं. सहा वर्षं झाली, डेक बसवायच्या आदल्या दिवशी. तेवढं तरी शोधा."

बाई गुडघ्यांवर बसल्या. चिमट्याने एकेक पट्टी बाजूला केली. डोलकाठीचं बूड सापडलं. गोंदात घट्ट रुतलेलं काहीतरी चकाकत होतं.

"बाबा," एलियाना हळूच म्हणाली. "नाणं आहे. बटण नाही."

आन्सेल्मो वाकला. मग त्याने एक पट्टी उचलली.

"ह्यासुद्धा वाकड्याच बसल्यात. इतकं वाईट काम केलं मी? आणि मला ते छान वाटत होतं." त्याचा चेहरा पडला. "एलियाना, बॅग कुठे आहे?"

एलियाना रडू लागली. बाई मात्र नाण्याकडे बघत होत्या. शंभर पेसोंचं नाणं. वर्ष २०२१.

त्या उठल्या आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. बाहेर उत्तरेचा वारा पत्रे वाजवत होता.

"मास्तर, डेक बसल्यावर डोलकाठीच्या बुडाशी काही ठेवता येतं?"

"बोटही पोचत नाही. दाताच्या डॉक्टरचा आरसा घातला तर दिसतं, एवढंच."

"हे किट आणखी कुणी घेतलं होतं?"

"मीच घेतलं होतं! आराखडा बघूनच डोकं दुखलं. वेन्सेस्लाओला देऊन टाकलं. काय रे, काय केलंस त्याचं?"

"शेगडीत घातलं," वेन्सेस्लाओ म्हणाला. "चांगलं जळलं."

"सकाळी दार तुम्हीच उघडलंत ना?" बाईंनी त्याला विचारलं.

"हो, सातला. किल्ली माझ्याकडे असते. उद्या सान पेद्रोचा, कोळ्यांच्या संताचा सण. नवसाचं जहाज चॅपलमध्ये पोचवायला निघालो होतो. म्हटलं, धक्का झालाय, बघून जावं."

"जहाज हातातच होतं?"

"चादरीत गुंडाळून. जहाज कसलं, बाई, साधी होडी. मीच कोरलेली."

"नवस कसला?"

"पोराची बोट उलटली होती. रात्रभर फळीला धरून तरंगला. त्या रात्री बोललो, पोरगा आला तर सान पेद्रोला जहाज देईन."

"कोणत्या वर्षी?"

"एकवीस."

बाईंनी मान हलवली. "मला ती होडी बघायचीय. चला, सगळेच चला."

"आत्ता?" वेन्सेस्लाओ पटकन म्हणाला. "या वाऱ्यात? आन्सेल्मोला सर्दी होईल!"

"त्याला काय व्हायचंय ते होऊन गेलंय," बाई म्हणाल्या आणि बाकावरचा दाताच्या डॉक्टरचा आरसा आणि चिमटा पर्समध्ये टाकला.

टेकडीची तारगाडी कुरकुरत खाली गेली. आन्सेल्मोची बोटं खिडकीच्या काचेवर वाजत राहिली आणि वेन्सेस्लाओ प्रत्येक वेळी दचकत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

कोळ्यांच्या चॅपलमध्ये सान पेद्रोच्या पायाशी चादरीखाली काहीतरी उंच झाकलं होतं. बाईंनी चादर ओढली.

होडी नव्हती ती. तीन डोलकाठ्या, ताणलेले दोर, एकसारख्या बसलेल्या पट्ट्या.

बाईंनी डेकवरचं जाळीचं झाकण चिमट्याने उचललं, आरसा आत सरकवला आणि मोबाइलचा उजेड धरला. "एलियाना, तू बघ."

एलियाना वाकली. "बटण," ती म्हणाली. "आईचं बटण!"

"फुटलेलं जहाज आन्सेल्मोचं नव्हतंच," बाई म्हणाल्या. "आन्सेल्मोचा डेक सहा वर्षांपूर्वी, एकोणीसमध्येच, बंद झाला. त्याखाली २०२१ चं नाणं जाईल कसं? नाणं दिसल्यावर तुम्हाला वाटलं, म्हातारा बटणाचंही विसरला. मला वाटलं, जहाज दुसऱ्याचं आहे. तसंच किट एकाच माणसाकडे होतं आणि त्याचं नवसाचं वर्ष तेच."

"पण स्क्रू?" सिल्व्हिओ म्हणाले.

"धक्का स्क्रू काढून डबीत भरत नाही. आन्सेल्मोने पुसायला काढले हे तुम्ही म्हणालात, मास्तर. कुणी पाहिलं नव्हतं. वेन्सेस्लाओ, आता तुम्ही बोलता की मीच बोलू?"

वेन्सेस्लाओ बाकावर बसला. टोपी हातात फिरवत राहिला.

"चार वर्षं खपलो. डोळ्यांत मोतीबिंदू, पट्टी दिसायची नाही. आज सकाळी ते वाकडं ध्यान घेऊन निघालो. मंडळात शिरलो तर ह्याचं तसंच्या तसं उभं. माझ्या पोराचा जीव देवाने दिला आणि मी त्याला हे देणार? दोन्ही खोकी तर एकच, म्हटलं. अदलाबदल करून आपलं उभं केलं, तर आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून ह्याचे स्क्रू काढून डबीत टाकले आणि माझं आपटलं." त्याने नाक पुसलं. "नाण्याचं डोक्यातच आलं नाही. डोलकाठीखाली नाणं ठेवायचं, हे हात आपोआप करतात."

आपटल्यामुळेच जहाजाचं पोट उघडं पडलं होतं. हात दाखवून अवलक्षण!

"जहाजाचं सोडा," बाईंचा आवाज चढला. "माणूस स्वतःला वेडा समजायला लागला होता. तुमच्यासमोर. आणि तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, वय झालं की होतं असं!"

"पाद्रिनो, मी त्यांना घेऊन जाणार होते," एलियाना म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

वेन्सेस्लाओने टोपी गुडघ्यांवर दाबून धरली.

आन्सेल्मो जहाजापाशी गेला. थरथरती बोटं पट्ट्यांवरून फिरवली, पुढून मागे, एकदाही न अडखळता.

"म्हणजे स्क्रू मी आवळले होते," तो म्हणाला.

"चारही, बाबा."

"आणि बटण."

"बटण पण."

त्याने डोळे पुसले. मग वेन्सेस्लाओकडे वळला. "पोराचा नवस आहे, राहू दे इथे. ओफेलियाने हेच केलं असतं. पण उद्या सगळ्यांसमोर तू सांगायचंस, जहाज कुणी बांधलं. आणि मला कोंपाद्रे म्हणू नकोस. निदान या वर्षी तरी."

चॅपलबाहेर वारा तसाच होता. पायऱ्या चढताना एलियानाने बापाचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि कठड्याला धरून स्वतःच चढू लागला.

"बॅग रिकामी कर," तो वळून म्हणाला. "पण आधी गॅस बघ. तो मात्र मीच विसरलो होतो."